बाबांचा राखीव नमुना

पुण्यात कोणी कोणासाठी थांबत नाही, हे मी हिंजवडीच्या रस्त्यावर रोज दोनदा पडताळून पाहते. त्यामुळे तीसेक वर्षांपूर्वीच्या एका जपानी व्हिडिओ गेममधल्या राक्षसांची सभ्यता मला प्रथम संशयास्पद वाटली. तलवार, मंत्र की पलायन, हे तुम्ही ठरवेपर्यंत ते जागच्या जागी डुलत उभे राहतात. मध्येच चहा करून आलात तरी त्यांची हरकत नसते. तुम्ही बटण दाबले की मगच वार करायची त्यांची पाळी.

हा खेळ मी बाबांसाठी आणला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तपासनीस म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि उजव्या हाताने असहकार पुकारला. फिजिओथेरपिस्टने दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, "याच्यावर लॉट नंबर कुठाय?" असे विचारले आणि नापास केला. हल्ली तो आमच्या बाल्कनीचे दार अडवतो.

जपानी खेळाला वेग लागत नाही. उजव्या अंगठ्याने तेच बटण शेकडो वेळा दाबावे लागते. उपचार म्हणून ही योजना निर्दोष होती. शिवाय ती माझी होती.

मुदत नोव्हेंबरची. तेव्हा पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि बाबांना त्यावर सही करायची होती.

"फोनला चेहरा दाखवला की घरबसल्या होतं, बाबा."

"चेहरा सगळ्यांनाच असतो."

"नाहीतर अंगठाही चालतो म्हणे," आई म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळ्यांनी कागदावर अंगठेच उठवले होते. धम्म स्वीकारलेल्या आजोबांनी मुलाला शाळेत घातले, ते ही परंपरा आपल्यापाशी संपावी म्हणून. सही करणारे बाबा घराण्यातले पहिले.

बाबा खेळत ते तपासणीवर आल्यासारखे. खेळातल्या गावात प्रत्येक माणसाशी दोनदा बोलत. दुसरा जबाब पहिल्याशी जुळतो का, ते पाहत. डाव्या हाताने वहीत रोज नोंद करीत: लढाया जिंकत वाढणारी नायकाची पातळी किती, लढाया किती, कितव्या लढाईला अंगठा थकला. शिवाय खेळ रोज दोन जागी सेव्ह करीत. एक पुढच्या खेळासाठी, दुसरा राखीव. "प्रत्येक लॉटमधला एक नमुना बाजूला ठेवायचा असतो," हे मला दोनदा समजावून सांगण्यात आले.

ऑगस्टमध्ये गुहेतल्या राक्षसाने त्यांना सहाव्यांदा हरवले. नायकाची पातळी अकरा. मी आकडेमोड केली, सतरा हवी असा निष्कर्ष काढला आणि एका दुपारी, बाबा वामकुक्षीत आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हजर असताना, ती सतरावर नेऊन ठेवली. स्वतःविषयी इतका आदर मला क्वचितच वाटला असेल.

संध्याकाळी बाबांनी वहीकडे पाहिले, मग पडद्याकडे.

"कोणी हात लावला?"

"सहा पातळ्या वाढवून ठेवल्यात. तुमचा वेळ वाचला."

"वेळ माझ्याकडे पोत्यानं आहे. हात लंगडा आहे."

"अहो, पोरीनं चांगल्यासाठीच केलंय ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग नोव्हेंबरात सहीपण तिलाच करू दे. अक्षर छान आहे तिचं."

त्यांनी वही मिटली. चार दिवस कंट्रोलर हातात घेतला नाही. बोटे पुन्हा आखडली आणि शर्टाची बटणे आई लावून देऊ लागली. प्रयोगात गुपचूप हात घालून निकाल सुधारणाऱ्याला, मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेत काय म्हणतात, हे मला नेमके ठाऊक आहे. एका कनिष्ठ सहकाऱ्याला मी ते चारचौघांत म्हटलेले आहे. पाचव्या दिवशी तेच शब्द मी बाबांसमोर स्वतःला लावले.

"नोंद घेतली," बाबा म्हणाले आणि त्यांनी राखीव नमुना उघडला. पातळी अकरा. "तू बस. बघ. हात मांडीखाली."

दसऱ्यानंतर त्यांनी तो राक्षस मारला. पातळी चौदा. माझ्या आकडेमोडीचा उल्लेख कोणी केला नाही, हे त्यांचे सौजन्य.

नोव्हेंबरात बँकेच्या खिडकीमागच्या बाईंनी बाबांचा हात पाहून शाईचा पॅड पुढे सरकवला. "काका, अंगठा लावा, पटकन होईल. मागे रांग आहे."

"आपण रांगेला सांगा, मी सही करतोय."

पहिले अक्षर फार सावकाश उमटले. दुसऱ्याला पेन घसरले. मी दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले.

"चालू द्या," मागचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही इथे राहायलाच आलोय."

बाबांनी मान वर केली नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर गेली. बाईंनी जुनी सही काढली, दोन्ही बराच वेळ ताडून पाहिल्या आणि शिक्का मारला.

"आणखी एक कोरा फॉर्म द्या," बाबा म्हणाले.

"आता कशाला?"

"एक सही राखून ठेवायचीय."

बाईंनी खुलाशासाठी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे तो होता. पण पाळी बाबांची होती.