देवकाबाईंच्या फोटोसाठी मीटर

आर्वीत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक मोडकी फ्रेम दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. फेकून द्यावी म्हटलं तर नेमका दुसऱ्या दिवशी माणूस हजर! त्यामुळे काउंटरच्या खालचा ड्रॉवर कायम भरलेला असतो. आमच्या रविवारच्या बैठकीतल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. कुणी न्यायला येत नाही आणि टाकवतही नाहीत. त्यातले उजेड मोजायच्या मीटरचे किस्से आज बाहेर काढतो, म्हणजे ड्रॉवर जरा नीट लागेल.

बैठक म्हणजे आम्ही चौघं. मी एक. दुसरे काळे सर, चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. तिसरा प्रमोद, घड्याळं दुरुस्त करतो. आधी बोलतो आणि मग विचार करतो. चौथी शीला, एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर गाडीत ओरडून तिचा घसा बसलेला असतो, म्हणून रविवारी ती फारसं बोलत नाही. आमच्यात फोटो मात्र तीच चांगले काढते. चौघांनाही रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. घरच्यांनी समजावणं सोडून दिलंय.

*

सुरुवात प्रमोदच्या सासऱ्यांपासून झाली.

सासरे समुद्रपूरकडचे शेतकरी. त्या वर्षी कापूस झकास झाला होता. भाव वाढेपर्यंत विकायचा नाही म्हणून घरातच छतापर्यंत ढीग लावलेला. जावई फोटो काढतो म्हटल्यावर त्यांनी फर्माईश केली, ढिगावर बसून एक फोटो काढा. प्रमोदनं कॅमेऱ्यातला काटा पाहिला, काट्यानं सांगितलं तसं केलं आणि मोठी कॉपी काढून, फ्रेम करून घेऊन गेला.

कॅमेऱ्यातल्या काट्याची एक खोड असते. समोरून किती उजेड परत येतो तेवढंच त्याला कळतं. समोर पांढराशुभ्र ढीग असला की त्याला वाटतं, बापरे, केवढं हे ऊन! मग तो सगळा फोटो अंधारा करून टाकतो. कापूस राखेसारखा आला होता.

सासऱ्यांनी फ्रेम हातात घेतली, दारात जाऊन उजेडात पाहिली आणि परत दिली.

"जावईबापू, हे तं फरदड हाय. माया पहिल्या वेचनीचा कापूस कुठं गेला?"

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर निघणारा शेवटचा, हलका कापूस. प्रमोदला त्यानंतर सासरी पुरणपोळी मिळाली, पण फ्रेम भिंतीवर लागली नाही.

*

हे ऐकून आम्ही सगळे हसलो. शीला हसली नाही.

"माया आईचं असंच होते," ती म्हणाली.

शीलाची आई देवकाबाई आंजीला राहतात. सत्तरी कधीच ओलांडली. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं, तेच नेसून त्या फोटोला बसतात, दुसरं नेसत नाहीत. रंग सावळा, चांगला दाट. मग काय, शीलाच्या लग्नाच्या अल्बमपासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे लुगडं तेवढं दिसतं आणि चेहऱ्याच्या जागी अंधार. एका स्टुडिओवाल्यानं सुचवलं, आजी, जरा रंगीत पातळ नेसून या. देवकाबाई उठल्या आणि चालू लागल्या. नातवानं मोबाइलवर काढला तर मोबाइलनं त्यांना गोरं करून टाकलं.

"हे कोन व्हय?" देवकाबाईंनी विचारलं. "एक काळी करते, दुसरा गोरी करते. मले माया रंगाची कोनीच काऊन करत नाई?"

शीला त्या रविवारी पहिल्यांदाच सलग बोलली. आईनं तिला सांगून ठेवलं होतं, आता एकदाच बसीन, त्याच्यानंतर नाई. आणि पुढे म्हणाली होती, "मी गेल्यावर भितीवर लावसान ना? तं भितीवर मी दिसली पाह्यजे. काळा डाग नोको."

त्या मायलेकींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली होती. देवकाबाईंची आई त्या लहान असतानाच गेली. तिचा एकही फोटो नाही. "लोक म्हनत, मी तिच्यावरच गेली. पन चेहरा आठवाले जातो तं येतच नाई आता," असं त्या म्हणाल्या होत्या.

मग काळे सरांनी चष्मा काढला आणि पुसला.

"कॅमेऱ्यातला काटा कामाचा नाई," ते म्हणाले. "हातात धराचा मीटर पाह्यजे. पांढऱ्या टोपीवाला. तो हनुवटीपाशी धरला का मानसावर किती उजेड पडते ते मोजते. लुगडं कोनत्याई रंगाचं असो, त्याले काही घेनं नाई."

असा मीटर नवा घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. जुना शोधायचा ठरलं. एका बाईचा चेहरा भिंतीवर नीट दिसावा म्हणून चार शहाणी माणसं कामाला लागली, याचं मला आजही बरं वाटतं.

*

पहिला मीटर प्रमोदनं नागपूरच्या जुन्या बाजारातून आणला. आम्हाला विचारलं नाही, फोनही केला नाही. सरळ टेबलावर ठेवला.

"पाहा, काटा कसा उडते! दुकानदारानं सूर्याकडे धरला तं पार टोकाले गेला."

खरंच जात होता. प्रमोदनं दाराकडे उंच धरला, काटा वर. खाली आणला, काटा खाली. आम्ही खूश. सरांनी मीटर हातात घेतला, उजेड आत घेणारी जाळी तळहातानं गच्च झाकली आणि मीटर तिरपा केला. काटा वर गेला. दुसरीकडे तिरपा केला, तर खाली आला. आतला उजेड टिपणारा सेल केव्हाच मेला होता आणि काटा ढिला होऊन नुसता लोळत होता.

सरांनी मीटर परत प्रमोदच्या हातात दिला.

"मिस्त्र्याले दे. भित सरळ हाय का नाई ते पाहाले कामा येईन."

*

दुसरा मी मागवला. पार्सलनं आला. काय देखणा होता! चामड्याचं कव्हर, पितळी कडी, एक ओरखडा नाही. विकणाऱ्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, कधी वापरलाच नाही, कायम काचेच्या कपाटात, उजेडात, लोकांना दिसेल असा ठेवला.

तिथंच घोळ होता. बिनबॅटरीच्या मीटरचा सेल उजेडात उघडा पडून राहिला की म्हातारा होतो. हा काटा लोळत नव्हता, पण भर दुपारी अंगणात धरला तरी संध्याकाळ झाल्यासारखं सांगायचा. प्रमोदला संधीच मिळाली.

"माया निदान वर तं जात होता," तो म्हणाला.

सरांनी त्याला थांबवलं. "बोलू नोको त्याले. रिटायर झाला तो. मी बी घरी असाच सांगतो, आता संध्याकाळ झाली म्हनून, अन् बायको म्हनते आत्ता तं दोन वाजले."

तो मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये न्यायला न आलेल्या चष्म्यांच्या शेजारी पडून आहे. तिथं निदान अंधार आहे.

*

तिसरा समुद्रपूरला असल्याची खबर शीलानं आणली. तिच्या गाडीतल्या एका प्रवाशानं सांगितलं की तिकडे एका जुन्या फोटोग्राफरची बायको आहे, सुमनताई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सामान अजून घरात आहे.

आम्ही चौघं गेलो. दोन मीटरनी शहाणं केल्यामुळे तयारीत होतो. झाकून पाहायचा, उलटा करून पाहायचा, उन्हात धरायचा, सावलीत धरायचा. सरांनी वाटेत सगळ्यांकडून पाठच करून घेतलं.

सुमनताईंनी पाणी दिलं, चहा दिला, मीटर काही दिला नाही. समोर बसल्या.

"कायले पाह्यजे?"

प्रमोद सुरू झाला. अशी जुनी यंत्रं आता मिळत नाहीत, दुकानात काचेत मांडून ठेवू, लोक येऊन पाहतील. सरांनी त्याच्या पायावर पाय दिला, तोवर उशीर झाला होता.

"मंग नाई," सुमनताई म्हणाल्या. "नागपूरचा एक आलता, तोई मांडून ठेवतो म्हने. त्याले बी वापस पाठवला."

आम्ही उठायच्या बेतात. शीला उठली नाही. तिनं आईचं सांगितलं. पांढरं लुगडं, काळा डाग, एकदाच बसीन, सगळं. पाचदहा वाक्यं असतील. सुमनताई आत गेल्या. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा हातात शालीच्या तुकड्यात गुंडाळलेला मीटर होता, वर पांढरी टोपी.

सरांनी झाकला, काटा शून्यावर. उलटा केला, काटा हलला नाही. अंगणात धरला, सर अंदाजानं पुटपुटत होते तोच आकडा आला. इतकी वर्षं पेटीच्या अंधारात होता, म्हणून टिकला होता.

"ते होते तवा मले याले हात लावू देत नव्हते," सुमनताई म्हणाल्या. "आता कोनाले द्याचा ते मी ठरवीन. अन् पोरी, तुया आईचा फोटो मले आनून दाखवजो."

आपण मीटर निवडायला आलोय, असं आम्ही समजत होतो. सुमनताईंचे आम्ही किती ऋणी आहोत हे त्यांना नीट सांगताच आलं नाही, म्हणून इथं सांगून ठेवतो.

*

देवकाबाई एकदाच बसणार होत्या, तेव्हा आधी हात बसवायला हवा. शीलानं सराव स्टँडवरच सुरू केला. ड्युटी संपली की ओळखीच्या प्रवाशाला उभं करायचं, हनुवटीखाली मीटर धरायचा, आकडा वाचायचा आणि सोडून द्यायचं.

पण करोनापासून लोकांना सवय लागली आहे. खाकी कपड्यातली बाई तोंडाजवळ यंत्र आणते म्हटल्यावर माणसं आपोआप रांगेत उभी राहू लागली. एकानं टोपी काढून कपाळ पुढे केलं, एका बाईनं हात पसरून सॅनिटायझर मागितलं. धोतरवाले एक आजोबा तर पिशवी खाली ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. शीलानं आकडा वाचला आणि म्हणाली, झालं, जा.

आजोबा हलेनात.

"ताप नाई हाय, पोरी. ते मले बी माहीत हाय. खोकला हाय. खोकल्याची गोळी दे."

सोबत आलेल्या प्रमोदनं खिशातून लवंग काढून दिली. पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा आले, आराम पडला म्हणून सांगायला, आणि सोबत बायकोला घेऊन आले.

*

मग आंजी.

हिवाळ्यातली सकाळ. अंगण सारवलेलं, दाराशी खुर्ची. देवकाबाई पांढरं लुगडं नेसून आधीच बसलेल्या, पदर नीट, हात मांडीवर. शीला कॅमेऱ्यामागे होती, म्हणून सर मीटर घेऊन जवळ गेले तर त्यांनी मान मागे घेतली.

"याच्यातून काय निंगते?"

"काही नाई निंगत, बाई. तुमच्यावर किती उजेड पडून राह्यला ते पाह्यतो."

"पाहा मंग. लय वर्सांपासून पडून राह्यला."

सरांनी आकडा सांगितला. प्रमोदनं सवयीनं कॅमेऱ्यातला काटाही पाहिला आणि म्हणाला, हा तं लय येगळं सांगून राह्यला. शीलानं क्षणभर सरांकडे पाहिलं आणि मीटरचं ऐकलं. मग तिनं श्वास धरला आणि बटण दाबलं.

रोल मी आणि सरांनी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत धुतला. दोन कॉप्या स्टुडिओतून काढून आणल्या, एक देवकाबाईंची, एक सुमनताईंना दाखवायची. कॉप्या मी पाकिटातून काढून पाहिल्या नाहीत. धीरच झाला नाही. शीला म्हणाली, आधी आई पाहीन.

आम्ही चौघं आंजीला गेलो. मी देवकाबाईंसाठी नवा चष्मा करून नेला होता, तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. शीलानं फोटो हातात दिला. त्यांनी लांब धरला, मग जवळ आणला. बोट फिरवलं, कपाळावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत. मला वाटलं, यावेळीही चुकलं.

देवकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. फोटो शेजारच्या खुर्चीवर पाठीला टेकवून बसता ठेवला आणि लेकीकडे वळल्या.

"शीले, चहा मांड. माही माय आली."