शाईतलं कोडं

माझे वडील, आप्पा, पेपरातलं शब्दकोडं कायम पेननं सोडवायचे. पेन्सिल हे भित्र्यांचं काम, म्हणायचे. पक्षाघात झाल्यापासून ते उत्तरं सांगतात आणि मी लिहिते.

"दोन डोंगरांमधली अरुंद वाट," मी वाचलं.

"खिंड."

"नदी अडवणारं बांधकाम."

"धरण."

दगडमातीचं बरं असतं. पिढ्या सरल्या तरी जिथल्या तिथे राहतं.

"गुडघ्याखालचा, पायाच्या मागचा स्नायू."

आप्पांनी डाव्या हातानं पांघरूण सारलं आणि उजव्या पायाकडे बघत राहिले. याच पायांनी ते गड चढायचे. आता हाडावर नुसती कातडी लोंबत होती.

"पोटरी," ते सावकाश म्हणाले.

मी पेन टेकवलं.

"थांब. हे पेन्सिलनं लिही."