माझ्या लेकीजवळ बसलेले दोन शिकारी

आमच्या भागात दोन शिकारी नावाजलेले होते आणि दोघांनीही शिकार सोडली होती. एक माझे चुलत सासरे, त्यांना आम्ही काका म्हणायचो. दुसरे ओढ्यापलीकडच्या वाडीतले, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दोघांनी तरुणपणी माणसं खाणारे वाघ मारले होते. आमच्याकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात. तेव्हा मारलेला वाघ बांबूला बांधून वाडीवाडीतून फिरवायचे आणि बायका मारणाऱ्याला ओवाळायच्या. माझ्या सासूबाईंनी दोघांनाही ओवाळलं होतं.

काकांनी एक वाघीण मारली आणि नंतर त्यांना कातळाच्या कपारीत तिची पिल्लं सापडली. ती त्यांनी घरी आणली, शेळीचं दूध पाजलं, पण जगली नाहीत. तेव्हा त्यांनी बंदूक देवीपुढे नेऊन ठेवली आणि मग सरकारात जमा केली. पुढे डोंगराला वणवा लागला की ते ओला टहाळा घेऊन एकटेच विझवायला जायचे. कोणी लावलेले फासे दिसले की काढून टाकायचे. उन्हाळ्यात राईतला झरा उपसून ठेवायचे, जनावरांना पाणी मिळावं म्हणून. बोलायचे काहीच नाहीत.

गुरुजींचं वेगळं. ते उघड सांगायचे, "कायदा आला म्हणून थांबलो. थांबल्यावर जंगल बघायला लागलो." ते शाळाशाळांत जाऊन मुलांना वाघ का राखायचा ते समजावत. जंगलखात्याचे साहेब त्यांच्या घरी चहाला येत.

विहिरीवर या दोघांची तुलना चालायची.

"काकांनी बंदूक देवीला दिली, तिच्याबरोबर तोंडपण देऊन टाकलंनी," एक म्हणायची.

"गुरुजींनी बंदूक ठेवली नि तोंड उचललं," दुसरी म्हणायची.

"पोटभर मारून झाल्यावर दया आली गो दोघांना. आधी का नाय आली?"

सगळ्या हसायच्या. मीही घागर भरताना हसायची. मी माणसांत कधी बोलत नसे, पण हसणं जमायचं.

त्या वर्षी भातकापणीच्या आधी शेजारच्या गावात एक म्हातारी गेली, मग एक गुराखी मुलगी गेली. दोघींना एकाच वाघाने नेलं. सरकारातून त्याला मारायचा हुकूम आला आणि तो गुरुजींच्या नावाने आला. गुरुजींनी बोकड बांधून पाहिले. वाघ बोकडाकडे फिरकलाही नाही.

मग माझी लेक गेली. पाच वर्षांची होती. दिवेलागणीला मागीलदारी हात धुवायला गेली. मी चुलीपुढे होते. तांब्या पडल्याचा आवाज आला, दुसरा आवाज आला नाही. मी बाहेर आले तर तांब्या परसाच्या दगडी गडग्यापर्यंत घरंगळत गेला होता आणि ती नव्हती. माणसं माडाच्या झावळ्यांची पेटती चुडतं घेऊन हिंडली. ती सापडली सकाळी, वरच्या कातळाच्या सड्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत. मला तिथं जाऊ दिलं नाही.

आमचे हे मुंबईला कंपनीत. त्यांना तार केली होती. घरात मोठं माणूस म्हणजे काकाच. लहान मुलाला आमच्यात पुरतात. काकांनी फावडं काढून घरापुढच्या खळ्यात ठेवलं तेवढ्यात गुरुजी आले. मी दाराआड उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

गुरुजी म्हणाले, "काका, तिला हलवू नका. आजच्या दिवस आहे तिथंच राहू दे. तो संध्याकाळी परत येणार. मी वरच्या ऐनाच्या झाडावर बसतो."

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "पोर माझ्या घरातली हाय, गुरुजी. तिचा चारा करायचा?"

"तुम्हाला मी सांगायला हवं का? तुम्हीही असेच बसला होतात."

"म्हणून तर सोडलं."

"मग पुढचं पोर कोणाचं जाईल ते तुम्ही सांगा."

काका उठून फावड्याकडे गेले. गुरुजींनी त्यांना अडवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आईला विचारा. तिने नको म्हटलं तर मी निघतो."

खळ्यातली माणसं दाराकडे बघू लागली. आमच्याकडे सुनेला असं कोणी विचारत नाही. सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, "नको सांग गो. मी सांगू तुझ्या वतीनं?"

माझा दोन वर्षांचा मुलगा त्यांच्याच कडेवर होता. मागीलदार तेच, गडगा तोच. मी पदर ओढून दारात आले. काकांसमोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे तिला. पण एकटी ठेवू नका."

गुरुजींनी मान हलवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, पायात वहाणा घातल्या आणि गुरुजींना म्हणाले, "चला. मी येतो."

"बंदूक दुसरी नाही माझ्याकडे."

"मला नको हाय. घरचं कोणतरी पायजे तिच्याजवळ."

दोघं मावळतीच्या आत झाडावर चढले. मी मुलाला मांडीवर घेऊन माजघरात बसले. दारं लावलेली होती. उजेड पुरता गेला नव्हता तेव्हा बार ऐकू आला. एकच.

सकाळी वाघ शाळेसमोर आणून टाकला. जंगलखात्याची माणसं यायची होती. यावेळी कोणी कोणाला ओवाळलं नाही. मीही गेले, मला बघायचा होता. म्हातारा, वाळलेला होता. गुरुजींनी त्याचा पंजा उचलून लोकांना दाखवला. साळिंदराचे काटे आत मोडून कुजले होते, दातही झिजलेले. ते म्हणाले, "याला दुसरी शिकार जमत नव्हती. त्याचाही नाइलाज होता." काका वाकले आणि त्यांनी वाघाच्या डोक्यावरून हात फिरवला, बैलाच्या फिरवावा तसा. त्याच हातांनी त्यांनी तासाभराने माझ्या लेकीला मूठमाती दिली. पुढे कित्येक दिवस मी काकांना स्वतः वाढलं नाही. जावेकडे ताट द्यायची.

हे मुंबईहून पोचले ते सगळं झाल्यावर. त्यांनी विचारलं, "हो कोण म्हणालं?" मी म्हटलं, मी. ते बाहेर जाऊन बसले. मग काकांजवळ गेले आणि जे मला विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं, "त्याने पुन्हा तोंड लावलंन काय तिला?"

काका म्हणाले, "नाय. पोचूच दिला नाय. सड्यावर दिसला नि गुरुजींनी बार टाकलानी."

हे ऐकल्यावर त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो. काकांचं ताट मी पुन्हा वाढू लागले.

काका दोनेक वर्षांनी गेले. त्यानंतर एकदा गुरुजी आमच्या शाळेत मुलांना सांगायला आले आणि जाताना ओटीवर पाणी प्यायला थांबले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी गूळ-पाणी ठेवलं आणि यांनी काकांना विचारलं होतं तेच विचारलं. कसं विचारलं मला माहीत नाही, पण विचारलं.

गुरुजींनी आधी तांब्या खाली ठेवला. "काकांनी काय सांगितलं?"

"पोचू दिला नाही म्हणाले."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोचला होता. तो मान खाली घालीपर्यंत मला नेम मिळत नव्हता. काका माझा दंड दाबत होते, टाका म्हणून. मी थांबलो. घाईने टाकला असता तर जखमी होऊन सुटला असता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो."

मी तांब्या उचलून आत नेला. ते गेले.

विहिरीवर अजून निघतं, दोघांत मोठा कोण. मी ऐकते. दोघांनाही जंगलाची माया होती, यात खोटं काही नाही. काकांना तेव्हा थांबवत नव्हतं, म्हणून त्यांच्या हातात बंदूक नव्हती हे बरं झालं. गुरुजींना थांबता आलं, म्हणून माझा मुलगा आज मागीलदारी जातो. एवढं मला कळतं. पण गुरुजींनी सांगितलं त्या दिवसापासून ती जाळी मला रोज दिसते. आधी दिसत नव्हती. यांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना काकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक आहे, आणि तेवढंच असू दे.