दुर्गाघाटावर तीन डायरेक्टर

"बापूकाका, प्रायव्हेट लिमिटेडच करायची. मला मॅनेजिंग डायरेक्टर, दत्तादादाला डायरेक्टर, काकूला पण डायरेक्टर. कार्डाचं डिझाइन हो गया है." सुमंतने हे सगळं चपला काढता काढताच सांगितलं.

काशीत सीएचं काम करताना मी एवढं शिकलोय, की धंद्याआधी व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याला थंड पाणी द्यावं आणि बसवावं. त्याच्या मागोमाग थोरला भाऊ दत्ता आला. शेवटी धापा टाकत त्यांची विधवा काकू, उमाकाकू.

धंदा साधा. दुर्गाघाटावरच्या घरात महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची राहण्या-जेवणाची आणि पूजेची सोय. आता पुण्याची एक ट्रॅव्हल एजन्सी मोठे ग्रुप पाठवायला तयार होती, पण तिला रजिस्टर्ड फर्म हवी होती. आजवर सगळं बारीने चाले. ज्याचा महिना, त्या महिन्यात उतरलेले यात्रेकरू त्याचे. खर्च त्याचा आणि उरेल तेही त्याचंच. काका गेल्यावर त्यांची बारी काकूकडे आली. तिचं सगळं त्यावरच चालतं.

"कंपनीत बारी नसते," मी म्हणालो. "सगळी कमाई कंपनीची."

"मॉडर्न सिस्टीम आहे, काका."

काकू इतका वेळ पदराने वारा घेत होती. "बापू, एक सांग. या कंपनीतून मला काढता येतं का?"

"डायरेक्टरपदावरून येतं. मीटिंग बोलवायची, तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि दोघांनी तिसऱ्याविरुद्ध मत द्यायचं."

"काकू! ऐसा कौन करेगा?" सुमंत दुखावला.

"तू नाही रे करणार. तुझी सून करेल."

सुमंतचं अजून लग्न व्हायचं होतं. दत्ता खिडकीबाहेर बघून हसला.

मग मी एलएलपी समजावली. ही भागीदारीच, पण फर्मच्या कर्जापायी भागीदाराच्या घरावर सहसा टाच येत नाही. आपसातला करार हवा तसा लिहिता येतो, त्यात बारीही बसते. आणि करारात तसं लिहिल्याशिवाय बहुमताने कुणाला काढता येत नाही.

"पण कार्डावर नुसतं 'पार्टनर'?" सुमंत म्हणाला. "पार्टनर तर पानवाल्याचा पण असतो."

मी दमलो होतो. "डेझिग्नेटेड पार्टनर," मी म्हणालो. "कायद्यातलंच पद आहे. निदान दोघे लागतात."

त्याने ते शब्द तोंडात घोळवले. चेहरा उजळला. "डायरेक्टरपेक्षा भारी वाटतं."

"म्हणजे काय असतं ते?" काकूने विचारलं.

"रिटर्न वेळेवर भरले नाहीत, तर दंड आधी त्यांना."

"मग ते या दोघांना दे. मी आपली साधी पार्टनर."

करार लिहायला मात्र घाम निघाला. सगळं अडलं अधिकमासावर. त्या महिन्यात काशीत पाय ठेवायला जागा नसते आणि तो कुणाच्याच बारीत मोजलेला नव्हता. दोघे भाऊ माझ्यासमोर भांडले. शेवटी अधिकमास तिघांत समान वाटायचा, असं कलम घातलं. काकूने ते दोनदा वाचून घेतलं, मग सही केली.

काकूची बारी शाबूत आहे. पहिल्याच वर्षी रिटर्नला उशीर झाला, त्याचा दंड दोन्ही डेझिग्नेटेड पार्टनरांनी भरला. लोक मला विचारतात, धंद्यासाठी कुठली रचना चांगली? मी सांगतो, जिच्यात घरातल्या सगळ्यात कमजोर माणसाला कुणी उठवू शकत नाही, ती. मोठ्या पदांची चिंता करू नये. त्यांना गिऱ्हाईक आपोआप मिळतं.