डाव्या पंखाच्या काड्या

भंडाऱ्यात डोंगर कुठे आहेत उडायला? मी निघते म्हटल्यावर कामशेतच्या आमच्या कंपूने मला हाच प्रश्न विचारला, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पडला होता. पण नरेशचा फोनवरचा उत्साह असा, की नाही म्हणणं जड गेलं. नरेश मूळचा मोहाडीचा, कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्या घरातला. नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात असताना हँग ग्लायडिंग शिकला आणि परत येताना लोक टीव्ही आणतात तसा एक जुना पण पहिल्या प्रतीचा, स्पर्धेतला ग्लायडर घेऊन आला. आता नागपुरात नोकरी करतो आणि सुटीला गावी उडतो. मी पॅराग्लायडरवाली. आमची ती कापडी छत्री पाठीवरच्या पिशवीत मावते. हा प्राणी मी कधी जवळून पाहिला नव्हता, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीला रात्रीच्या गाडीने पुण्याहून नागपूर गाठलं.

नागपूरहून भंडाऱ्याला एसटी भरपूर आहेत, आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. रस्ता उत्तम. शहापूरला उतरून तर्री-पोहे खा असं नरेशने बजावलं होतं, पण कंडक्टरने "इथं थांबत नाही ना बाई" म्हणून विषय संपवला. भंडाऱ्याहून तुमसरच्या गाडीने मोहाडी. उन्हाळी धानाची हिरवी खाचरं, मध्ये मध्ये तळी, आणि सगळं कसं पाटासारखं सपाट. मी खिडकीतून टेकडी शोधत होते.

ग्लायडर घडी केला तरी चांगला साडेपाच मीटर लांब होतो. एवढी लांब जागा घरात एकच, मागाची खोली. नरेशचे बाबा तिथे मागावर बसले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला भिंतीलगत हा अजगर पडलेला. काकांनी मान वर केली, "या" म्हणाले आणि पुन्हा धोटा फेकायला लागले. नरेशने दबक्या आवाजात सांगितलं की बाबांनी या वस्तूबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. चांगलं नाही, वाईट नाही. उद्या मात्र पहिल्यांदाच उडताना बघायला येणार आहेत, आपणहून म्हणाले. हे सांगताना त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा झाला होता.

मग त्याने मला पिशवी उघडून दाखवली आणि मी आ वासून बघतच राहिले. साध्या हँग ग्लायडरला वर एक खांब असतो आणि त्यावरून पंख तारांनी धरलेले असतात. याला तो खांबच नाही. वरची बाजू अगदी सफाचट, कारण हवेत प्रत्येक तार ओढ लावते. पंखाचं वजन पेलतो तो आतला कार्बनचा आडवा पाइप. एक दोरी ओढली की तो मागे सरकतो आणि कापड ताणलं जातं. मग ग्लायडर वेगाने लांबवर जातो, पण वळायचं नाव घेत नाही. सैल सोडली की वळतो आणि उतरायला तयार होतो. माझी छत्री किलोमीटरभर उंचीवरून नऊ-दहा किलोमीटर जाईल, हा पंधरा जातो. मला हेवा वाटला, साफ सांगते.

शेवटी त्याने काड्यांच्या दोन गुंडाळ्या सोडल्या. डाव्या पंखाच्या काड्यांना लाल पट्टी, उजव्याच्यांना हिरवी. ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या त्या, प्रत्येकीला ठरावीक बाक दिलेला. कापडाच्या खिशात त्या सरकवल्या की त्या बाकानेच पंखाला फुगीर पाठ येते, आणि ती पाठच ग्लायडर उचलते. एवढं ऐकेपर्यंत चहा आला, त्यामागून शेजारी आले, मग आम्ही गावात कोसा बघायला गेलो. काड्या तिथेच चटईवर राहिल्या. आम्ही बोलत होतो तोवर काका विणतच होते. आमचं बोलणं खटखटीत त्यांच्या कानावर गेलं नसणार.

रात्री काकूंनी वडाभात केला होता. लाखोरीच्या डाळीचे वडे भातावर कुस्करायचे आणि वर कडकडीत फोडणीचं तेल ओतायचं. पुणेकरांनो, पोळीचा हट्ट सोडा आणि हे एकदा खाऊन या.

सकाळी काड्या गुंडाळून ठेवलेल्याच सापडल्या, त्या पिशवीत टाकून उजाडताच निघालो. पिकअपच्या टपावर ग्लायडर, मागे दोराचं मोठं रीळ, गाडी चालवायला नरेशचा मित्र प्रमोद आणि पुढे धुतलेल्या धोतरात काका. डोंगर नसल्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं: गाडी पळत जाते, रिळातून दोर सुटत राहतो आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. रिळाचा ब्रेक माझ्याकडे. कामशेतला छत्र्यांसाठी मी हे काम पुष्कळ केलंय, पण एवढा जड पंखही असाच चढत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. भंडारा, मग पवनीचा रस्ता, आणि गोसीखुर्द धरणाच्या अलीकडे एक पुनर्वसित गाव. ग्रामपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी नरेशने घेऊन ठेवली होती. तुम्ही जाणार असाल तर त्यासाठी हाताशी महिनाभर ठेवा.

गावाबाहेरचा रस्ता म्हणजे आखून काढलेली रेघ. रुंद, सरळ, रिकामा. हापशीवर पाणी भरणाऱ्या एका बाईंना मी म्हटलं, किती छान रस्ता आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या गावचा रस्ता इतका सरळ कवाच नव्हता. तो आता पाण्यात आहे." मी बाटली भरून घेतली आणि निघाले.

नरेशने पंख उलगडले. काड्या सरकवण्याआधी त्याची एक सवय आहे. डाव्या पंखाची काडी उजव्याच्या जोडीदार काडीवर ठेवून बघायची, बाक सारखा आहे ना. पहिली जोडी त्याने लावली आणि थांबला. मला वाटलं, काडीचा नंबर चुकला. दुसरी लावली. दोन्हींच्या मध्ये माझी चार बोटं जातील एवढं अंतर. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. हिरव्या काड्या जशा असायला हव्यात तशा, आणि लाल पट्टीच्या एकूण एक काड्या जवळजवळ सरळ.

"कोणी हात लावला याले?" नरेशने प्रमोदकडे बघून विचारलं.

उत्तर रस्त्याच्या कडेवरून आलं. काका होते. "मी केल्या सरळ. मागाच्या फणीतली एक काडी वाकली त थानभर रेघ पडते, अन् तुह्या त साऱ्याच वाकल्या होत्या. कडक आहेत लेकाच्या, थोडा बाक राहूनच गेला. उजव्या बाजूच्याही करून ठेवल्या असत्या, पण तुह्या आईनं जेवायले बोलावलं. वडे थंड होऊन राहिले होते."

काका किंचित हसत होते, मुलासाठी काही केल्यावर माणूस हसतो तसं. आणि मला नको ते सगळं एकदम दिसलं. दोन्ही बाजू केल्या असत्या तर जोड्या बरोबर जुळल्या असत्या. काड्यांचा मूळ आकार छापलेला कागद नागपूरच्या घरी होता, तो तर वर्षातून एकदा निघतो. नरेशने समाधानाने मान हलवली असती, प्रमोदने गाडी सोडली असती, आणि ज्यात पाठच उरली नाही असा पंख मी माझ्या हाताने वर ओढला असता. नुसती एक बाजू सपाट असती तरी तीच गत. दोरावर असताना ग्लायडर एकीकडे कलंडला की दोर त्याला आणखी कलंडवतो. मग तो सावरत नाही, जमिनीतच शिरतो. मी पिकअपला धरून उभी राहिले.

नरेशला बाजूला घेऊन मी म्हटलं, काहीही सांग, पण हे नको सांगूस. वारा नाही म्हण. म्हातारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या या वेडाला हात लावतोय. त्याने माझं ऐकून घेतलं. मग तो गेला, काकांसमोर उकिडवा बसला.

"बाबा, त्या वाकल्या नव्हत्या. तशाच राहाच्या होत्या. त्या बाकानंच पंख उचलते."

काकांनी काड्यांकडे बघितलं. "मंग आता?"

"आता नाही उडत."

"अन् ध्यानात नसतं आलं त?"

"मेलो असतो, बाबा."

मला त्या क्षणी नरेशच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. काका हळूच खाली बसले, तिथेच शेताच्या बांधावर. हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. परतताना पवनीला प्रमोदने चहाला गाडी थांबवली, तर काका उतरलेच नाहीत.

संध्याकाळी नरेश मागाच्या खोलीत चटईवर बसला. हिरव्या काड्या नमुन्याला घेतल्या आणि लाल काड्या गुडघ्यावर दाबून एकेक पुन्हा वाकवायला लागला. काकांना त्याने हाक मारली. ते दारातूनच नाही म्हणाले, माझा हात नको. त्याने पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आले, बसले, नमुन्याची काडी नुसती धरून राहिले. थोड्या वेळाने "अजून एक बोटभर" असं काहीसं पुटपुटले. नरेशने बोटभर दाबलं. काकू जेवायला बोलवायला आल्या आणि त्या दोघांकडे बघून तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. रिळाचा ब्रेक पुन्हा माझ्याकडे. गाडी सुटली. चाकांच्या ट्रॉलीवरून ग्लायडर उचलला गेला, सरळ, दोन्ही पंख समान. वर जाऊन त्याने दोर सोडला आणि एकदम शांतता. त्याने ती दोरी ओढून कापड ताणलं असणार, कारण तो धरणाच्या पाण्याकडे असा काही सुटला की मला धडकीच भरली. माझी छत्री हवेत तरंगते, हा हवा कापत जातो. बऱ्याच वेळाने शिट्टीसारखा आवाज करत कापलेल्या लाखोरीच्या वावरात आला. भलत्याच वेगाने आला. हा थांबणार कसा, असं मी म्हणते न म्हणते तोच त्याने हातातली दांडी पुढे ढकलली, नाक वर गेलं आणि दोन पावलांत उभा. काकांनी यातलं काही पाहिलं नाही. सगळा वेळ ते मान खाली घालून गवत उपटत होते. नरेशने हाक मारली तेव्हाच वर पाहिलं.

मी पुण्याला परत आले ती नरेशवर रागावूनच. काड्यांचं राहू दे, माणूस वाकवला होता त्याने. ग्लायडरचे फोटो कंपूला दाखवले, सगळ्यांनी वाहवा केली, पण माझ्या डोळ्यांसमोर ते मांडीवरचे उलटे हातच येत होते. आठवडा गेला तरी राग जाईना, म्हणून शेवटी फोन केला आणि मनातलं बोलून टाकलं. इतकं तोडून सांगायची काय गरज होती? वारा नव्हता म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? काड्या आपण गुपचूप वाकवून घेतल्या असत्या.

पलीकडून मागाची खटखट ऐकू येत होती. तो गावीच होता.

"वारा नाही म्हटलं असतं," नरेश म्हणाला, "त घरी येऊन बाबानं त्याच रात्री उजव्या बाजूच्या सरळ केल्या असत्या."