आवाज बंद केलेली टेप

समुद्रपूरला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नांच्या शूटिंगसाठी घेतलेला हॅन्डीकॅम एका हिवाळ्यात मी मोटरसायकलच्या हँडलला सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधला, खाली फोमचा तुकडा. धावता रस्ता टेपवर पाहायचं मला वेडच लागलं होतं.

एका सकाळी मित्राला मागे बसवून वडनेरकडे निघालो. बाभळीखाली बसलेला एक माणूस आम्हाला पाहून उठला. त्यानं हात वर केला.

"थांब बे, हात दाखवून राह्यला तो," मित्र ओरडला.

"आता नाई. शॉट तुटते."

आम्ही पुढे निघून गेलो.

चार दिवसांनी एक गृहस्थ मतदार ओळखपत्र घेऊन दुकानात आले. बहिणीचा नवरा वारला होता, तेरवीसाठी फोटो मोठा करून हवा होता. चेहरा पुसट होता, तरी मी ओळखला.

"काय झालतं?"

"छातीत दुखून राह्यलं होतं. दवाखान्यात जाले म्हणून रोडवर येऊन बसले. यष्टी आली तवा संपले होते."

त्या ओळखपत्रावरून फोटो निघण्यासारखा नव्हता. माझ्या टेपमध्ये ते असतील, हे माझ्या तोंडून निघून गेलं. ते गृहस्थ गेल्यावर टेप लावली. जेमतेम चार सेकंद. एक हात वर, दुसरा छातीवर. आणि मित्राचा आवाज, मग माझा. दोन्ही स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो. ओट्यावर बसून कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्या बाईंपुढे धरला. आवाज मी आधीच बंद केला होता.

"पुन्हा लावा, भाऊ."

तीनदा लावलं.

"आवाज नाई का याले?"

"वाऱ्यानं खराब झाला."

"तुमी थांबले काऊन नाई?"

"दिसलेच नाई, काकू."

त्यांनी पडद्यावर हलकंच बोट ठेवलं. "नाई दिसत. गाडीवरून नाई दिसत," त्या मलाच समजावत म्हणाल्या.

फोटो करून दिला. हात कापून टाकला, फक्त चेहरा ठेवला. तो त्यांच्या भिंतीवर लागला. हे सगळं कळल्यावर मित्र पुन्हा कधी माझ्या गाडीवर बसला नाही.

पुढच्या दोन दिवाळ्यांना काकूंचा निरोप आला, फराळाले येजो. दोन्ही वेळा खरं सांगायचं ठरवून गेलो. दोन्ही वेळा फोटोकडे पाठ करून बसलो, चिवडा खाल्ला आणि परत आलो. तिसऱ्या वर्षीही निरोप आला. मी गेलो नाही.