लुगडी गेली, पातेलं आलं

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून एक पाप घडलं.

आमची लेक बाळंतपणाला आलीय. बाळाच्या वाकळेसाठी हिनं माझ्या आईची तीन मऊ लुगडी जपून ठेवली होती. देवळात जाताना ही म्हणाली, "ती जुनेरं काढून ठेवा." मी खिडकीत बसून शाळेतली एक कविता गुणगुणत होतो. मला ऐकू आलं, "काढून टाका."

तेवढ्यात दारात बोहारीण आली. लुगडी देऊन मी स्टीलचं पातेलं घेतलं. घासाघीस जमली म्हणून वर खूशही झालो!

ही परतली आणि पातेलं बघून म्हणाली, "अवो, आता बाळाला ह्यात निजवायचं व्हय?"

दुपारपर्यंत गल्ल्या पालथ्या घातल्या, पण बोहारीण सापडली नाही.

आता ही माझे जुने सदरे उसवतेय आणि मी सुईत दोरा ओवून देतोय. लेक म्हणाली, "असू दे की आबा, बाळाला आजोबाचा वास येईल."

पण मंडळी, ज्या पदराला मी लहानपणी तोंड पुसलं, तो बाळासाठी आता कुठून आणू?